न भरणारा रांजण

शेजारची अकरावीतली मुलगी परवा शब्दार्थांची वही घेऊन आली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, मधे पट्टीनं मारलेली लाल रेघ. एका पानावर चार शब्द एकाखाली एक होते: इन्सेशिएबल, अनक्वेन्चेबल, अनअटेनेबल, अनरिक्वायटेड. पहिल्यासमोर तिनं 'अतृप्त' असं लिहिलं होतं आणि खालच्या तिघांसमोर नुसती 'वरीलप्रमाणे'ची खूण. बाईंनी त्यावर भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

"काकू, मी शब्दकोशात बघून लिहिलंय," ती म्हणाली. "चौघांचाही शेवट तोच ना, हवंय ते मिळत नाही? मग चार शब्द कशाला?"

शेवट तोच, हे तिचं खरं. पण घरात पाणी नाही म्हणून नळवाल्याला बोलावलं तर तो काय करतो? आधी टाकी बघतो, मग नळ, मग रस्त्यावरची पाइपलाइन. टाकीला भोक असेल तर दुरुस्ती वेगळी, पाइप घरापर्यंत पोचलेलाच नसेल तर वेगळी. आणि ज्याच्या हातात चावी आहे त्यानं ती उघडायचीच नाही असं ठरवलं असेल, तर नळवाल्याचा उपयोगच नाही. हे चार शब्द म्हणजे चार वेगवेगळ्या ठिकाणचे बिघाड आहेत. इच्छा पुरी होत नाही एवढंच ते सांगत नाहीत, ती कुठे अडली तेही सांगतात.

'पुरे' म्हणता न येणं

'इन्सेशिएबल'च्या पोटात लॅटिनमधला 'सॅटिस' हा शब्द बसला आहे. त्याचा अर्थ अगदी साधा: पुरे. वाढप्याच्या हातावर आपण हात आडवा धरतो, तेव्हाचा 'पुरे'. याच शब्दाला 'करणे' जोडून 'सॅटिस्फाय' झालं, म्हणजे पुरेसं करणं. आणखी थेंब मावणार नाही इतकं भिजणं म्हणजे 'सॅच्युरेट', तेही याच घराण्यातलं. बँकेच्या कागदांवर दिसणारा 'ॲसेट' हाही त्यांचा दूरचा नातलग. फ्रेंचमार्गे इंग्लंडच्या कोर्टात शिरताना त्याचा अर्थ होता 'पुरेसं': मेलेल्या माणसाची देणी भागतील एवढी मालमत्ता.

तेव्हा इन्सेशिएबल म्हणजे ज्याच्याकडे 'पुरे' हा शब्दच नाही असा. दोष पाण्यात नाही, टाकीला तळच नाही. म्हणून हा शब्द भुकेला, मागणीला, जिज्ञासेला, सत्तेच्या हावेला लावतात. एखाद्या वस्तूला मात्र तो लागत नाही. आंबा इन्सेशिएबल नसतो, आंबे खाणारा असतो.

इंग्रजीत खादाडपणाचे शब्द बरेच, आणि शाळेत ते एकाच पानावर येतात म्हणून गोंधळ होतो. लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणली की ते सुटे होतात. सकाळपासून उपाशी, मोटारसायकलवरून साठ किलोमीटर आलेला पाहुणा 'रॅव्हनस'. त्याची भूक मोठी पण प्रामाणिक, जेवला की संपली. पैज लावून पंधरा जिलब्या उडवणारा 'व्होरेशस'. हा शब्द लॅटिनमधल्या गिळण्याच्या क्रियापदावरून आला, त्यामुळे त्यात वेग आणि प्रमाण दिसतं. पुस्तकांचा फडशा पाडणाऱ्या वाचकालाही कौतुकानं हाच शब्द लावतात. हात धुऊन झाल्यावरही दुसऱ्या पंगतीच्या पानांकडे बघत उभा राहणारा इन्सेशिएबल. आणि मागच्या दारानं आचाऱ्याकडून डबा भरून नेणारा 'रपेशस', कारण त्या शब्दात ओरबाडणं आहे, दुसऱ्याचं हिसकावणं आहे. आपल्याकडे 'हावरा', 'अधाशी', 'वखवखलेला' या शब्दांत अशाच पायऱ्या आहेत. 'वखवख' तर ऐकतानाच तोंड उघडं दिसतं. इंग्रजीत तसा नाद असलेला शब्द मला आजवर सापडलेला नाही.

इन्सेशिएबल नेहमी शिवीच असते असंही नाही. रुडयार्ड किपलिंगच्या १९०२ सालच्या 'जस्ट सो स्टोरीज'मध्ये हत्तीच्या पिल्लाची गोष्ट आहे. पिल्लू सगळ्यांना प्रश्न विचारत सुटतं, सगळ्यांचे फटके खातं आणि शेवटी मगरीला विचारायला जातं. मगर नाक धरून ओढते आणि हत्तीला सोंड मिळते. त्या पिल्लाच्या जिज्ञासेचं वर्णन करताना किपलिंगनं लहान मुलांच्या बोलण्यासारखा 'इन्सेशिएबल'चा पहिला तुकडा गाळून टाकला. व्याकरणानं अर्थ उलटा झाला, 'भागवता येण्याजोगी' असा. तरी वाचणाऱ्याला बरोबर कळतं. किपलिंग जन्मला मुंबईत, १८६५ साली. न संपणाऱ्या प्रश्नांच्या या गोष्टीत त्याच्या मुंबईतल्या बालपणाचं काही उतरलं असेल, असं आपलं मला वाटतं.

विस्तव आणि तहान

'क्वेन्च' हे मुळात आग विझवण्याचं क्रियापद. पुढे ते तहानेलाही लागलं, कारण दोन्हीवर उपाय एकच, पाणी. 'अनक्वेन्चेबल'मधला बिघाड तळ नसण्याचा नाही. इथे काहीतरी जळतंय आणि ओतलेलं पाणी त्याला पुरं पडत नाही. म्हणून हा शब्द जिद्दीला शोभतो, स्वातंत्र्याच्या ओढीला शोभतो, ज्ञानाच्या तहानेला शोभतो. मिठाईच्या हावेला तो लावला तर वाक्य उगाच भव्य होऊन हसू येतं.

मराठी वाचकाला यातलं एक नातं माहीत असायला हवं. इंग्रजी 'थर्स्ट' आणि संस्कृत 'तृष्णा' हे एकाच आदिम धातूचे वंशज आहेत. त्या धातूचा अर्थ 'कोरडं पडणं'. लॅटिनमध्ये त्यातूनच कोरडी जमीन, 'टेरा', निघाली. सकाळी खातो तो 'टोस्ट'ही त्याच कुळातला. इकडे तृष्णेचं पालीत 'तण्हा' झालं. दुःखाचं मूळ म्हणून बुद्धानं जिच्याकडे बोट दाखवलं ती हीच तण्हा. आणि प्राकृतातून मराठीत येता येता तिची 'तहान' झाली. म्हणजे उन्हातून आल्यावर आपण 'तहान लागली' म्हणतो, तेव्हा बौद्ध तत्त्वज्ञानातला सर्वांत जड शब्द तांब्याभर पाण्यासाठी वापरत असतो.

विस्तवाची प्रतिमाही आपल्याला परकी नाही. महाभारताच्या आदिपर्वातला ययाति मुलाचं तारुण्य मागून घेतो, वर्षानुवर्षं उपभोग घेतो आणि शेवटी त्याला कळतं की तुपानं आग विझत नाही, भडकते. वि. स. खांडेकरांनी १९५९ साली त्याच्यावर कादंबरी लिहिली आणि ती मराठी घराघरात पोचली. ययातीसाठी शब्द निवडायचा झाला तर मी इन्सेशिएबल न घेता अनक्वेन्चेबल घेईन. त्याला मिळत होतं, आणि मिळण्यामुळेच ज्वाळा वाढत होती. पाणी म्हणून तो तूप ओतत होता.

हनुवटीपर्यंत पाणी

आता माझा सगळ्यात आवडता शब्द: 'टॅन्टलाइझ'. ग्रीक पुराणात टॅन्टलस नावाचा राजा आहे, देवांच्या पंगतीला बसण्याइतका लाडका. त्यानं देवांचा अपराध केला. कोणता, याबद्दल कथाकारांचं एकमत नाही. कोणी म्हणतं त्यानं देवांचं अन्न चोरलं, कोणी म्हणतं स्वतःचा मुलगा कापून देवांना वाढला. शिक्षा मात्र पक्की आहे. होमरच्या 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात ती दिसते. म्हातारा टॅन्टलस तळ्यात उभा आहे, पाणी हनुवटीला लागलंय. प्यायला वाकला की पाणी नाहीसं होतं आणि पायाखाली काळी जमीन उघडी पडते. डोक्यावर डाळिंबं, अंजिरं, सफरचंदं लटकली आहेत. हात वर केला की वारा फांद्या ढगांकडे उडवतो.

या शिक्षेची मेख अंतरात आहे. पाणी कोसभर दूर असतं तर माणूस कधीतरी नाद सोडून देतो. ते हनुवटीला लागलेलं आहे म्हणून नाद सुटत नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी या राजाच्या नावाचं क्रियापद केलं: दाखवायचं, जवळ आणायचं आणि द्यायचं नाही. आपण 'गाजर दाखवणं' म्हणतो ते याच्या जवळ जातं, पण गाजरात लबाडी आहे आणि टॅन्टलाइझमध्ये यातना. निदान होती. आज हॉटेलांच्या जाहिरातीत 'टॅन्टलायझिंग' सुगंध असतो, पैसे भरले की पदार्थ मिळतोही. राजाची शिक्षा अशी सौम्य होत होत मेन्यूकार्डावर आली.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी घरांत 'टॅन्टलस' नावाचं लाकडी स्टँड असे. त्यात मद्याच्या काचेच्या सुरया उभ्या, वर कुलपाची आडवी पट्टी. नोकरांना दारू दिसावी, पण घेता येऊ नये. मालकाला ग्रीक पुराण येत होतं आणि नोकरावर विश्वास नव्हता, हे दोन्ही त्या एका फर्निचरात दिसतं. १८०२ साली स्वीडनच्या एकेबर्ग या रसायनशास्त्रज्ञाला एक नवं मूलद्रव्य सापडलं. त्याचं ऑक्साइड आम्लात बुडवून ठेवलं तरी आम्ल म्हणून शोषून घेईना. पाण्यात उभा आणि कोरडाच! एकेबर्गनं त्याचं नाव 'टॅन्टलम' ठेवलं. आम्लाला दाद न देण्याच्या आणि इतर काही गुणांमुळे या धातूचे चिमुकले कपॅसिटर मोबाइल फोनमध्ये वापरतात. आपण ज्या पडद्यावर दिवसभर बोट फिरवत 'अजून एकच' म्हणतो, त्याच्या आत टॅन्टलस बसलेला असणं हा योगायोगच, पण काय योगायोग आहे!

टॅन्टलसशेजारी प्लेटोचा रांजण ठेवला की फरक स्पष्ट होतो. 'गॉर्जियस' या संवादात सॉक्रेटिस मूर्खांच्या इच्छेची तुलना फुटक्या रांजणाशी करतो, आणि त्यात पाणी आणायला हाती काय, तर चाळणी. इथे पाण्याची ददात नाही, हवं तेवढं आहे. भांडं गळकं आहे. टॅन्टलसचं भांडं धड होतं, पाणी पळत होतं. वहीतले इन्सेशिएबल आणि अनअटेनेबल असे एकमेकांसमोर उभे राहतात. अनअटेनेबल इच्छेला लावता येतो, पण तो मुळात वस्तूचा शब्द आहे: हाताला न लागणारं शिखर, न गाठता येणारं उद्दिष्ट. चौथा, अनरिक्वायटेड, म्हणजे परतफेड न झालेला. तो जवळजवळ प्रेमासाठीच राखीव. चावी समोरच्याच्या हातात आहे आणि त्याला ती फिरवायची नाही.

चौकट: बिघाड कुठे आहे?

टाकीला तळ नाही: इन्सेशिएबल (भूक, मागणी, जिज्ञासा)
पाणी ओतूनही विझत नाही: अनक्वेन्चेबल (तहान, जिद्द, आग)
पाइपच पोचत नाही: अनअटेनेबल (शिखर, आदर्श, परिपूर्णता)
समोरचा चावी उघडत नाही: अनरिक्वायटेड (प्रेम)
पाणी ओठांशी येऊन पळतं: टॅन्टलायझिंग (आमिष, सुगंध, अर्धवट माहिती)

कोर्टातून आलेले शब्द

इच्छेचे काही शब्द पोटातून आले, काही आगीतून. दोन मात्र थेट न्यायालयातून आले आहेत. 'क्रेव्ह' म्हणजे आज आपण तीव्र लालसा समजतो. चॉकलेटचं, सिगारेटचं क्रेव्हिंग. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता हक्कानं मागणं. वकिलांच्या भाषेत तो अजून जिवंत आहे. मुंबईतल्या कोर्टांत दाखल होणाऱ्या इंग्रजी अर्जांत आजही अर्जदार न्यायालयाची परवानगी 'क्रेव्ह' करतो, आणि त्या वेळी त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं नसतं. 'ॲडिक्ट'ची गोष्ट अधिक करुण. रोमन कायद्यात कर्ज न फेडणाऱ्याला न्यायाधीश धनकोच्या हवाली करी, आणि अशा माणसाला 'अॅडिक्टस' म्हणत. आधी माणूस कर्ज घेतो, मग कर्ज माणसाला घेतं. व्यसनाची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही.

आणि सगळ्यात साधा शब्द, 'वॉन्ट'. नर्सरीतलं पोरही म्हणतं, आय वॉन्ट. तो जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ 'हवं असणं' नव्हता, 'नसणं' होता. 'हवंय' हा अर्थ साधारण १७०० च्या सुमारास रुळला. जुना अर्थ अजून कोपऱ्यात सापडतो: एखादा माणूस 'फाउंड वॉन्टिंग' झाला म्हणजे त्याला काही हवं नव्हतं, तो कमी पडला. या शब्दाचं मूळ शोधत गेलं की संस्कृत 'ऊन' भेटतो, आणि त्यातूनच आपलं 'उणं' आणि 'उणीव'. इंग्रजीत जे हवंय त्याचं मूळ नाव उणीव आहे. मराठीनं इथे वेगळी वाट धरली. आपलं 'पाहिजे' हे 'पाहणे'चं रूप. जे नाही त्याकडे मराठी माणूस डोळे लावून बसला, एवढाच त्याचा इतिहास.

'हवं असणं' आणि 'आवडणं' या शब्दांतला भेद प्रयोगशाळेतही उपयोगी पडला. १९५४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. दांडी दाबली की मेंदूच्या ठरावीक भागाला विजेचा हलका झटका मिळे. काही उंदीर तासाला हजाराहून अधिक वेळा दांडी दाबत राहिले. सर्वांनी मानलं की आनंदाचं केंद्र सापडलं. पुढे मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज यांनी उंदरांच्या तोंडाकडे नीट बघितलं. गोड लागलं की उंदीर ओठ चाटतो. डोपामीन हे रसायन जवळजवळ नाहीसं केलेले उंदीर समोरचं खाणं आणायला हलत नव्हते, पण तोंडात साखरपाणी घातलं की ओठ मात्र तसेच चाटत होते. आवड शाबूत, ओढ गेलेली. मेंदूतली ओढ वाढवली तेव्हा उलट झालं: धडपड वाढली, ओठ चाटणं वाढलं नाही. म्हणजे मेंदूत 'वॉन्टिंग' आणि 'लायकिंग' अशा दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. दुसरी गप्प असताना पहिली ओरडत राहू शकते. व्यसनी माणूस "मजा येत नाही, पण सुटत नाही" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो.

'हेडॉनिक ट्रेडमिल' हा शब्दप्रयोगही अशाच अभ्यासातून आला. १९७१ मध्ये फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल यांनी ही प्रतिमा मांडली: पगार वाढतो, घर मोठं होतं, पण माणूस सुखाच्या त्याच पायरीवर राहतो. १९७८ मध्ये ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी इलिनॉयमधल्या २२ लॉटरी विजेत्यांना गाठलं. ते इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत, आणि मित्राशी गप्पा किंवा नाश्ता असल्या रोजच्या गोष्टींत त्यांना कमीच मजा येत होती. नमुना छोटा होता, त्यावरून सगळ्या जगाला शहाणपण शिकवू नये. पण ट्रेडमिल हा शब्द नेमका निवडला आहे. जिममध्ये येण्याआधी ती इंग्लंडच्या तुरुंगात होती. १८१८ मध्ये विल्यम क्यूबिट या अभियंत्यानं कैद्यांसाठी पायऱ्यांचं प्रचंड चाक बनवलं. कैदी तासन् तास पायऱ्या चढे आणि तिथेच राही. कधी त्या चाकावर धान्य दळत, म्हणून त्यात 'मिल'. आपला घाण्याचा बैल निदान गोल तरी फिरतो.

चंद्र मागणारे

अशक्य हट्टाला इंग्रजीत चंद्रासाठी रडणं म्हणतात. हे मराठी मुलांना समजावून सांगावं लागत नाही, कारण चंद्र मागणाऱ्या रामाची आणि त्याच्या हातात ठेवलेल्या आरशाची गोष्ट त्यांनी ऐकलेली असते. इंग्रजी चंद्राला आरसा नाही, तिथे मूल रडतच राहतं. 'पाइप ड्रीम' हे अफूच्या चिलमीच्या धुरातलं स्वप्न, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत रूढ झालेलं. ते आपल्या मनातल्या मांड्यांपेक्षा जरा काळसर आहे.

ओढीच्या शब्दांत 'लाँगिंग' मला मोठा वाटतो, कारण त्यात 'लाँग' म्हणजे लांब हाच शब्द आहे. जुन्या इंग्रजीत 'मला लांब वाटतं' असं म्हणत, म्हणजे वेळ सरत नाही. वाट बघताना घड्याळाचा काटा जसा लांबतो तसं. त्याच्या शेजारचा 'पाइन', म्हणजे झुरणं, लॅटिनमधल्या शिक्षेच्या शब्दापासून आला. 'पेन' आणि 'पेनल्टी' त्याच घरातले. एकतर्फी प्रेमातल्या चोवीस तास पिच्छा पुरवणाऱ्या अवस्थेला नाव नव्हतं, म्हणून डोरोथी टेनोव या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ च्या पुस्तकात 'लिमरन्स' हा शब्द स्वतः घडवून वापरला. आपल्या 'हुरहुर'ला मात्र इंग्रजीत जोडी नाही. लाँगिंगमध्ये माणसाला काय हवंय ते माहीत असतं, हुरहुरीत तेही नसतं.

एवढं ऐकून मुलीनं वहीतल्या तिन्ही खुणा खोडल्या आणि खाली पाचवा शब्द दाखवला: 'सॅड'. "हा तरी सोपा आहे ना? दुःखी." त्याचं मूळ रूप 'सॅटिस'चंच भावंड आहे. जुन्या इंग्रजीत सॅड म्हणजे पोट भरलेला, तृप्त. तृप्त माणूस जड होतो, जड माणूस गंभीर दिसतो, आणि गंभीर दिसता दिसता चौदाव्या शतकापर्यंत त्याचा अर्थ दुःखी होऊन बसला. जर्मन भाषेतलं त्याचं भावंड मात्र तिथेच थांबलं. जर्मन माणूस आजही जेवणाच्या शेवटी तो शब्द उच्चारतो, आणि त्याचा अर्थ एवढाच होतो: पोट भरलं, आता वाढू नका.